जुन्या गोव्यातील संत कॅथरिनचे चॅपल : अर्ध्या दिवसात नीट पाहण्याची पद्धत

जुन्या गोव्याला येणारे बहुतेक प्रवासी बॅसिलिका ऑफ बॉम जेझसमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीचे दर्शन घेतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये एक फेरी मारतात आणि हिरवळीवर छायाचित्रे काढून परततात. से कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चच्या पश्चिमेस, उतारावर जांभ्या दगडाचे एक छोटेसे चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनामंदिर, उभे आहे, त्याकडे फार थोड्या जणांची पावले वळतात. माझे ठाम मत आहे की जुन्या गोव्याची भेट या चॅपलपासूनच सुरू करावी, कारण आजूबाजूची भव्य मंदिरे ज्या घटनेमुळे उभी राहिली तिची खूण या जागेवर आहे आणि ज्या संतेचे नाव या चॅपलला आहे तीच पलीकडच्या कॅथेड्रलचीही आश्रयदात्री आहे. मात्र तयारीशिवाय आलेल्याला इथे फारसे काही दिसत नाही. एक वेदी, एक कोरीव शिला, दोन मनोरे आणि साध्या भिंती एवढाच हा ऐवज असल्यामुळे तो समजून घ्यायचा तर थोडी माहिती घरूनच सोबत न्यावी लागते.

निघण्यापूर्वी काय माहीत असावे

संत कॅथरिन म्हणजे अलेक्झांड्रियाची कॅथरिन. परंपरेनुसार ती चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत राहणारी, उच्च कुळात जन्मलेली आणि विद्वान तरुणी होती. रोमन सम्राट मॅक्सेंटियसने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला असता तिने त्याला दरबारात जाब विचारला, तिचे म्हणणे खोडून काढण्यासाठी बोलावलेल्या पन्नास पंडितांनाच तिने वादात निरुत्तर केले आणि त्यानंतर तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारण्याची शिक्षा झाली, परंतु ते चाक मोडून पडले, म्हणून अखेरीस तिचा तलवारीने शिरच्छेद करण्यात आला. या कथेमुळे विद्यार्थी, तत्त्वज्ञ आणि अविवाहित मुली यांची ती आश्रयदात्री मानली जाते. कथेच्या ऐतिहासिक आधाराविषयी शंका असल्यामुळे चर्चने 1969 मध्ये तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला होता. 2002 मध्ये तो ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा घेतला गेला. तो दिवस 25 नोव्हेंबर.

तिच्या मूर्ती ओळखण्यासाठी पाच खुणा लक्षात ठेवाव्यात: मोडके चाक, तलवार, मुकुट, ग्रंथ आणि पायाखाली पडलेला राजा. यांतली एखादी खूण पुढच्या वाटेवर सापडली की ती मूर्ती कोणाची, हे फलक न वाचताही कळते. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही हेच चाक होते.

आता घटना. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 च्या पूर्वार्धात आदिलशाहीच्या ताब्यातील हे बंदर जिंकले, पण आदिलशाही फौजेने त्याला मेअखेरीस शहरातून हाकलून लावले. पावसाळा संपल्यावर मोठे आरमार घेऊन तो परत आला आणि 25 नोव्हेंबर 1510 रोजी, म्हणजे नेमक्या संत कॅथरिनच्या दिवशी, त्याने शहर पुन्हा घेतले. विजय तिच्या कृपेने मिळाला या श्रद्धेने त्याने तिच्या नावाचे चॅपल उभारवले आणि ती गोव्याची आश्रयदात्री झाली. त्या दिवसानंतर शहरातील मुस्लिम रहिवाशांची जी कत्तल झाली, तिचे वर्णन खुद्द अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात आहे. चॅपल पाहताना ही बाजू झाकून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. एकाच जागी प्रार्थना आणि विजयस्मारक असे दोन्ही हेतू एकत्र आले आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवले तरच ही वास्तू खऱ्या अर्थाने पाहिली जाते.

पुढे 1534 साली पोप पॉल तिसरे यांनी गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा दिला, तेव्हा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान संत कॅथरिनच्या नावाच्या या मंदिराला मिळाला. या धर्मप्रांताचा अधिकार त्या काळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत सांगितला जाई. एवढ्या विस्ताराच्या मानाने मंदिर फारच लहान होते आणि म्हणूनच पुढे से कॅथेड्रलचे बांधकाम हाती घ्यावे लागले.

दिवस आणि वेळ कशी निवडावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा आहे, पण त्यातच एक मेख आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त (सण) 3 डिसेंबरला असते आणि त्याआधीचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) 24 नोव्हेंबरपासून सुरू होतो, त्यामुळे संत कॅथरिनचा 25 नोव्हेंबर हा दिवस नेमका या गर्दीत येतो. पहाटेपासून मिस्सा (चर्चमधील सामुदायिक प्रार्थनाविधी) चाललेल्या असतात, भाविक दूरदूरहून पायी येतात, रस्त्यालगत दुकाने थाटलेली असतात आणि वाहने बरीच लांब उभी करावी लागतात. श्रद्धेचा हा सोहळा पाहायचा असेल तर याच दिवसांत जावे, मात्र वास्तू निवांत पाहायची असेल तर हे दिवस टाळावेत. झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन साधारण दर दहा वर्षांनी होते आणि अलीकडचे दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. तशा काळात या लहान चॅपलची शांत भेट जवळजवळ अशक्य असते.

जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात परिसर देखणा दिसतो, परंतु जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि उतारावर पाय घसरतो, म्हणून रबरी तळव्यांचे बूट घालावेत.

आठवड्यातील दिवस निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. रविवारी सकाळी मोठ्या चर्चमध्ये मिस्सा असल्यामुळे आत हिंडून पाहता येत नाही आणि शुक्रवारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय बंद असते. म्हणून सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादी सकाळ उत्तम. सहलींच्या बस येण्याआधी पोहोचल्यास कोवळ्या उन्हात जांभ्याचा तांबूस रंग खुलून दिसतो आणि शिलालेखासमोर रेंगाळता येते.

कसे पोहोचावे

जुने गोवे पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर आहे. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या आणि त्या मार्गाने फोंड्याकडे जाणाऱ्या बस सतत सुटतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत जवळचे आहे, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी घ्यावी. स्वतःचे वाहन असेल तर बगलरस्ता सोडून रायबंदरच्या जुन्या रस्त्याने यावे, असे मी आवर्जून सुचवेन. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा दगडी सेतू पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला आणि त्यावरून जाताना डाव्या हाताला मांडवी नदी सतत सोबत राहते. जुने शहर नदीच्या जोरावर जगले, जहाजे इथपर्यंत येत, राज्यकर्ते बोटीतून उतरून शहरात पाऊल टाकत. हे सारे नदीच्या काठाकाठाने आल्यावर सांगावे लागत नाही.

मुख्य चौकात उतरल्यावर दक्षिणेला बॉम जेझस आणि उत्तरेला से कॅथेड्रलचा विस्तीर्ण परिसर दिसतो. उत्तरेकडच्या आवारात शिरावे. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे, तर त्याच्या मागे असलेल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचे तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे ही दोन चर्च एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. त्यामुळे से कॅथेड्रलच्या दारातून कितीही पाहिले तरी चॅपल दिसत नाही आणि प्रवासी ते चुकतात, याचे कारण बहुधा हेच असावे. संत फ्रान्सिसच्या चर्चला वळसा घालून त्याच्या दर्शनी बाजूला यावे आणि तिथून पश्चिमेकडे उतरावे, थोड्याच अंतरावर चॅपल लागते.

चॅपलसमोर : बाहेरून पाहण्याचा क्रम

लगेच दाराकडे धाव घेऊ नये. आधी थोडे लांब उभे राहून पूर्ण दर्शनी भाग नजरेत घ्यावा. दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, मध्ये प्रवेशद्वार, वर कौलारू छप्पर अशी ही प्रमाणबद्ध मांडणी युरोपातील रेनेसाँस (प्रबोधनकालीन) शैलीची आहे. दोन मनोऱ्यांमध्ये बसवलेला दर्शनी भाग ही पुढे गोव्याच्या चर्चची ओळखच झाली आणि तिचे एक लहान, सुरुवातीचे रूप इथे पाहायला मिळते. से कॅथेड्रललाही मूळचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक 1776 साली कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. हे ध्यानात ठेवून नंतर से कॅथेड्रलसमोर उभे राहिले की रिकाम्या बाजूला काय असायला हवे होते हे डोळ्यांपुढे आणणे सोपे जाते.

मग जवळ जाऊन दगड पाहावा. जांभा हा कोकणचा आणि गोव्याचा घरचा दगड. तो खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो, चिरे सहज पाडता येतात आणि हवा लागल्यावर तो कठीण होतो. परंतु त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असल्यामुळे तो पाणी शोषतो आणि गोव्याच्या पावसात हळूहळू झिजतो. म्हणूनच जुन्या काळी अशा भिंतींना चुन्याचा गिलावा देत आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर चुना काढत. आज उघडी दिसणारी तांबडी भिंत हेच मूळ रूप आहे असे समजू नये. बॉम जेझसचा गिलावा 1950 च्या दशकात पोर्तुगीज जीर्णोद्धारकांनी काढून टाकला आणि त्यामुळे त्या दगडाची झीज कशी रोखायची ही चिंता आजही संपलेली नाही. संत कॅथरिनच्या चॅपलचीही 1952 साली पुनर्बांधणी झाली. तेव्हा समोरच्या वास्तूत तीन काळ एकत्र आहेत, हे मनाशी पक्के करावे: 1510 चे मूळ चॅपल, 1550 चे विस्तारित बांधकाम आणि 1952 ची पुनर्बांधणी. कोणता चिरा कोणत्या काळचा हे प्रत्येक ठिकाणी सांगता येणार नाही, पण सगळेच पाचशे वर्षांचे आहे असा समज करून घेणेही बरोबर नाही.

या भेटीत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो शिलालेखाला. पोर्तुगीज भाषेतील या लेखाचा आशय असा आहे की, या जागी शहराचे ते दार होते ज्यातून गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये संत कॅथरिनच्या दिवशी प्रवेश करून शहर मुसलमानांकडून घेतले आणि तिच्या सन्मानार्थ व त्या घटनेच्या स्मरणार्थ गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने 1550 साली राजाच्या खर्चाने हे बांधकाम करवले. चॅपलची जागा भाविकांच्या सोयीने किंवा उंच टेकडी पाहून ठरलेली नाही, तर तटबंदीच्या दारावरून ठरलेली आहे, हे या लेखातून कळते. लेख वाचून झाल्यावर पाठ फिरवून नदीच्या दिशेला तोंड करावे आणि तट, दार, त्यापलीकडचा किनारा यांची मनात मांडणी करून पाहावी. आज तिथे झाडी आणि रस्ते आहेत, तरी जमिनीचा उतार पाहिल्यावर नदीकडून वर चढून येणाऱ्या सैन्याची वाट समजते. अक्षरांवर बोट फिरवू नये, खडू किंवा पावडर लावून ती उठावदार करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

आत जायला मिळाल्यास

चॅपल नेहमी उघडे असेलच असे धरून चालू नये. दार बंद असेल तर ते ढकलून पाहण्यापेक्षा आवारातील रखवालदाराला विचारावे. तरीही आत जाता आले नाही तर निराश होण्याचे कारण नाही, कारण या वास्तूचे मुख्य सांगणे बाहेरच आहे.

आत गेल्यावर प्रथम तिथल्या साधेपणाची सवय डोळ्यांना होऊ द्यावी. इथे एकच वेदी आहे. से कॅथेड्रलमध्ये पुढे दिसणाऱ्या सोनेरी कोरीवकामाशी तिची तुलना करावी, पण ती कमीपणा दाखवण्यासाठी करू नये. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, अजून आपले बस्तान बसवणारे शहर आणि शंभर वर्षांनंतरचे श्रीमंत शहर यांतला फरक या दोन वेद्यांमध्ये उभा राहतो. खिडक्या पाहताना हेही आठवावे की जुन्या गोव्यात तावदानांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या बसवण्याची रीत होती आणि त्यांतून येणारा प्रकाश दुधट, मऊ असे.

ख्रिस्ती नसलेल्या मराठी पाहुण्यांच्या मनात आचाराविषयी काही शंका असतात, त्यांचे निरसन इथेच करतो. कॅथलिक प्रार्थनास्थळात पादत्राणे सहसा काढावी लागत नाहीत, पण टोपी काढावी. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असावा. दाराजवळ पवित्र पाण्याचे भांडे असेल तर त्यात हात धुऊ नयेत, भाविक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात. गुडघे टेकण्यासाठी असलेल्या फळीवर पाय ठेवून बसू नये. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तर तिथे पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी पवित्र भाकरी) ठेवलेले आहे असे समजावे. भाविक तिथे गुडघा टेकतात, इतरांनी क्षणभर थांबून पुढे गेले तरी पुरेसे आहे. मिस्सा चालू असल्यास मागच्या बाकावर शांत बसावे, लोक उभे राहिले की उभे राहावे, मात्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या रांगेत जाऊ नये, कारण ते केवळ त्यासाठी पात्र असलेल्या कॅथलिक भाविकांसाठी असते. फलकावर मनाई नसेल तरच छायाचित्र काढावे आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचे तर कधीच काढू नये. फ्लॅश वापरू नये. जुन्या गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, त्यामुळे ड्रोन, तिपाई किंवा विवाहपूर्व छायाचित्रण यांचा बेत असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी.

चॅपलपासून संतेच्या मागोमाग

चॅपल पाहून झाल्यावर इतरत्र भटकण्यापेक्षा संत कॅथरिनचाच माग काढावा. पहिला मुक्काम से कॅथेड्रल. तिचे बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले, 1619 मध्ये मुख्य काम संपले आणि 1640 मध्ये तिचा अभिषेक झाला. मधल्या दालनातून सरळ मुख्य वेदीकडे चालत जावे. वेदीमागच्या सोनेरी कोरीव भिंतीवर संत कॅथरिनच्या जीवनातील आणि हौतात्म्यातील प्रसंगांचे फलक आहेत. घरून आणलेली कथा इथे उपयोगी पडते. मुलांना सोबत आणले असेल तर त्यांना चाक आणि तलवार शोधायला सांगावे, ती हे काम मोठ्यांपेक्षा लवकर करतात. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी, सोनेरी घंटा म्हणून ओळखली जाणारी घंटा आहे. तिचा आवाज ऐकायला मिळाला तर ते भाग्यच.

तिथून उत्तरेला नदीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने ती उभारवली आणि 1954 मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. नदीच्या बाजूला त्याचे पणजोबा वास्को द गामा यांचा पुतळा आहे, म्हणून बहुतेक जण तिकडूनच छायाचित्र काढतात. आपण शहराच्या बाजूला उभे राहून वर पाहावे. तिथे एक स्त्री आडव्या पडलेल्या पुरुषावर पाय देऊन उभी आहे आणि ती संत कॅथरिन असल्याचे मानले जाते. मूळ कथेत तिच्या पायाखाली मॅक्सेंटियस असतो, इथे मात्र त्या पुरुषाचा वेष पौर्वात्य आहे. चॅपलच्या शिलालेखात शब्दांत सांगितलेली गोष्ट कमानीवर दगडात सांगितली आहे, आणि त्यात पराभूतांविषयी कसलीही दया नाही. तिथून थोड्याच अंतरावर, संत कायेतानच्या चर्चच्या आवारात, आदिलशाही वाड्याच्या दाराची दगडी चौकट अजून उभी आहे. ती पाहिल्याशिवाय परत फिरू नये. जिंकणाऱ्यांचे दार पाहून झाल्यावर हरलेल्यांचे दारही पाहिले गेले पाहिजे आणि या चौकटीवरील नक्षी तर आवर्जून निरखण्यासारखी आहे.

संग्रहालय असिसीच्या संत फ्रान्सिसच्या कॉन्व्हेंटमध्ये आहे. तिथे अल्बुकर्कचा भव्य ब्राँझ पुतळा, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे आणि पोर्तुगीजपूर्व गोव्यातील शिल्पे व वीरगळ आहेत. वेळ कमी असेल तर चित्रांची दालने भरभर पाहून वीरगळांपाशी थांबावे.

अंगात जोर असेल तर शेवटी पश्चिमेकडच्या होली हिलवर चढावे. तिथल्या रोझरी मातेच्या चर्चजवळून अल्बुकर्कने 25 नोव्हेंबरच्या लढाईवर देखरेख केली असे तिथला लेख सांगतो. गोलाकार बुरुजांमुळे हे चर्च गढीसारखे दिसते आणि त्याच्यावरील दोरखंडाची कोरीव नक्षी पोर्तुगीजांच्या मॅन्युएलाइन (राजा मॅन्युएलच्या काळातील) शैलीची आहे. वाटेत संत ऑगस्टिनच्या चर्चचा उरलेला 46 मीटर उंच मनोरा लागतो. टेकडीवर सावली कमी आहे, म्हणून पाण्याची बाटली भरून घ्यावी आणि ऊन चढण्याआधी हा टप्पा उरकावा. हा सगळा फेरफटका रमतगमत केल्यास साधारण चार ते पाच तास लागतात. वयस्कर मंडळी सोबत असतील तर त्यांना से कॅथेड्रलच्या आवारात झाडाखाली बसवून टेकडीचा भाग इतरांनी करावा. बॉम जेझस सर्वांत शेवटी ठेवावी, कारण दुपारी जेवणाच्या वेळी तिथली रांग बरीच ओसरलेली असते आणि चौकातून पणजीची बसही तिच्या समोरच मिळते.